उघड्या छताची जुनी मोटार : खरेदीपूर्वीची पडताळणी

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आज महाराष्ट्रातील अनेक घरांच्या परिचयाची झाली आहे. किओनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर १९७८ मध्ये या वसाहतीचा पाया घातला. त्यामागील दूरदृष्टी आर. के. बाळिगा यांची. पुणे, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव येथून आलेले अनेक मराठी अभियंते आज तेथील संगणक कंपन्यांत नोकरी करतात. नोकरीत स्थैर्य आले, शैक्षणिक कर्ज फिटले, की मनात दडलेल्या हौशी डोके वर काढतात. त्यांतील एक हौस म्हणजे छत उघडून चालविता येणारी, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. हौसेच्या वस्तूला मात्र मोल असते आणि ते एकदाच चुकवून भागत नाही. नवी कन्व्हर्टिबल मोटार बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असल्याने दृष्टी वापरलेल्या गाडीकडे वळते. अशी गाडी घेताना नेमके काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी एकच सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरेसे होईल : नेहमीच्या मोटारीत जे असते आणि या मोटारीत जे नाही, त्याचा भार कोणावर पडतो?

बाजारात काय मिळते?

भारतात वापरलेल्या कन्व्हर्टिबल मोटारी ढोबळमानाने तीन प्रकारच्या आढळतात. पहिला प्रकार परदेशी बनावटीच्या गाड्यांचा. मर्सिडीज-बेंझ एसएलके, बीएमडब्ल्यू झेड ४ ही त्यांतील ठळक नावे. दुसरा प्रकार आपल्या मातीतला आहे. सॅन मोटर्स या कंपनीने १९९८ मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी उघडी मोटार बाजारात आणली. तिची निर्मिती गोव्यात झाली, रेखांकन फ्रान्समधील ल मान्स समूहाने केले आणि इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसी क्षमतेचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. बाह्यांग पोलादी पत्र्याचे नसून फायबरग्लासचे होते. ही गाडी फार थोड्या संख्येने रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यामुळे आज विक्रीस येणारी प्रत्येक सॅन स्टॉर्म ही जुनीच असणार.

तिसरा प्रकार मात्र टाळावा असा आहे. एखाद्या साध्या मोटारीचे छत गॅरेजमध्ये कापून तिला ‘कन्व्हर्टिबल’ केलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. अशा गाडीची नोंदणी रद्द होऊ शकते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावर ‘बॉडी’चा कोणता प्रकार नमूद आहे, हे सर्वप्रथम वाचावे आणि ते समोर उभ्या असलेल्या गाडीशी ताडून पाहावे.

कागदपत्रे : गाडीआधी वाचण्याची गोष्ट

विक्रेता गाडी दाखविण्यास उत्सुक असतो. ग्राहकाने आधी कागद मागावेत. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळवून घ्यावेत. चासी क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. केंद्र शासनाच्या ‘वाहन’ प्रणालीवर गाडीच्या क्रमांकावरून नोंदणीची वैधता, विम्याची मुदत आणि बोजा यांची माहिती मिळते. थकीत ई-चलनांची चौकशीही ऑनलाइन करता येते. या तपासणीस अर्धा तासही लागत नाही.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. सॅन स्टॉर्मच्या बाबतीत ही मुदत बहुधा उलटून गेलेली असते, म्हणून नूतनीकरण झाले आहे का आणि ते कधीपर्यंत वैध आहे, हे पाहावे. ‘नूतनीकरण सहज होईल’ असे विक्रेता म्हणत असेल, तर ते त्यानेच व्यवहारापूर्वी करून द्यावे, हा आग्रह रास्त ठरतो.

गाडी गोव्याच्या ‘जीए’ किंवा महाराष्ट्राच्या ‘एमएच’ क्रमांकाची असेल आणि ती इलेक्ट्रॉनिक सिटीत कायम वापरायची असेल, तर आणखी एक पायरी आहे. मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आवश्यक असते. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वापरली जाणारी गाडी त्या राज्यात पुन्हा नोंदवावी लागते. त्यासाठी नमुना २७ मध्ये अर्ज करावयाचा असून कर्नाटकाचा आजीवन कर गाडीचे वय लक्षात घेऊन भरावा लागतो. हा कर गाडीच्या किमतीत धरलेला नसतो. सौदा ठरविताना ही रक्कम संबंधित परिवहन कार्यालयातून आधीच जाणून घ्यावी.

परदेशी गाडीबाबत दक्षता अधिक हवी. ती आयात केलेली असल्यास सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे पाहावीत. कर कमी असलेल्या प्रदेशात खोट्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदविण्याचा प्रकार नवा नाही. पुदुच्चेरीत अशा प्रकारे नोंदविलेल्या गाड्यांची प्रकरणे २०१७ मध्ये केरळात बरीच गाजली. अशी गाडी अजाणता घेतली, तरी करवसुलीसाठी ती अडविली जाते तेव्हा चावी नव्या मालकाच्या हाती असते.

सांगाडा : जे छत करीत नाही ते कोण करते?

नेहमीच्या मोटारीत छत हे केवळ ऊनपावसापासूनचे संरक्षण नसते. छत, खांब आणि तळ मिळून एक बंद पेटी तयार होते आणि तीच गाडीला ताठपणा देते. कन्व्हर्टिबलमध्ये पेटीचे झाकणच नसते. त्यामुळे सारा ताण गाडीचा तळ आणि दारांखालील आडव्या पट्ट्या यांवर येतो. हे भाग गंजले असतील किंवा अपघातानंतर नीट सरळ झाले नसतील, तर गाडी खड्ड्यांत पिळवटते.

याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते पाहावे. मग गाडीचे एक चाक फुटपाथच्या उतारावर चढवून तेच दार पुन्हा उघडून लावावे. दार अडकत असेल किंवा फट बदलत असेल, तर सांगाडा कमजोर झाला आहे, असे समजावे. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे तर अनिवार्यच आहे. दारांखालच्या पट्ट्यांत पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आतच साठते आणि गंज आतून धरतो. गोवा, कोकण, मंगळूर किंवा मुंबई अशा किनारी भागात वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीत खाऱ्या हवेमुळे हा धोका वाढतो.

फायबरग्लासच्या गाडीबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. फायबरग्लास गंजत नाही, हे खरे. पण त्याखालचा पोलादी सांगाडा गंजतो आणि चकचकीत बाह्यांग तो गंज झाकून ठेवते. शिवाय जुन्या गाड्यांच्या बाजारात पुट्टी ओळखण्यासाठी लोहचुंबक फिरविण्याची जी रीत आहे, ती येथे उपयोगाची नाही, कारण चुंबक फायबरग्लासला मुळातच चिकटत नाही. त्याऐवजी तिरप्या उजेडात पृष्ठभाग न्याहाळावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, रंगातील लाटा आणि बॉनेट वा डिकीच्या आतल्या बाजूस दिसणारे खडबडीत थिगळ या जुन्या आघाताच्या खुणा होत.

छत आणि पाणी

कापडी हूड किमान तीनदा उघडून व मिटवून पाहावे. एकदा उघडले म्हणजे पुन्हा उघडेलच, असे नाही. शिवणी, घड्यांच्या जागा, काचेभोवतीच्या रबरी पट्ट्या आणि मागील पारदर्शक खिडकी यांवर विशेष लक्ष द्यावे. खिडकी प्लॅस्टिकची असल्यास उन्हाने ती पिवळी व धूसर होते आणि रात्री मागचे काही दिसत नाही. विजेवर चालणारे धातूचे छत असल्यास त्याच्या पंपाचा आवाज, तेलाची गळती आणि दोन्ही बाजू एकाच गतीने हलतात का, हे पाहावे. अशा छताची दुरुस्ती हीच अनेकदा संपूर्ण गाडीतील सर्वांत महाग दुरुस्ती ठरते.

बंगळुरूत जून ते सप्टेंबरचा पाऊस संपला, तरी ऑक्टोबरात पुन्हा जोराच्या सरी येतात. गाडी मात्र बहुधा कोरड्या, स्वच्छ सकाळी दाखविली जाते. म्हणून हूड लावून, पाण्याच्या नळीने पाच मिनिटे सर्व बाजूंनी पाणी मारावे आणि मग आत हात फिरवून पाहावे. पायाखालची सतरंजी उचलून खालचा पत्रा चाचपावा. कुबट वास, बुरशी वा ओलसर फेस आढळल्यास पाणी बऱ्याच दिवसांपासून येत आहे, असे समजावे.

पुरात बुडालेली गाडी हा स्वतंत्र धोका आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जलमय झालेला बंगळुरूचा आउटर रिंग रोड परिसर आठवावा. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या गावी विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर आत गाळाची रेघ दिसू शकते. आसनाखालील गंजलेले स्क्रू आणि दिव्यांच्या काचेआड साचलेले धुके याही खुणा बोलक्या असतात.

यंत्र आणि सुटे भाग

थंड इंजिन सुरू होताना ऐकावे. म्हणून विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवू नये, असे सांगावे. निळसर धूर निघत असेल तर तेल जळत आहे. सातत्याने येणारा दाट पांढरा धूर आणि कमी होणारे पाणी हे हेड गॅस्केटच्या बिघाडाचे लक्षण असू शकते. टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागावी. ‘गाडी फारच कमी चालली आहे’ हे विधान येथे दिलासा देणारे नाही. रबर किलोमीटरप्रमाणे झिजते, तसेच वर्षांप्रमाणेही कडक होते. पट्टा तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. टायरवर छापलेला निर्मितीचा आठवडा व वर्षही याच कारणासाठी वाचावे.

चाचणी दोन प्रकारच्या रस्त्यांवर घ्यावी. सिल्क बोर्डहून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे येणाऱ्या, जानेवारी २०१० मध्ये खुल्या झालेल्या उन्नत मार्गावर गाडी एका गतीने चालविता येते. तेथे स्टिअरिंगचा कंप, गाडीचे एका बाजूस ओढणे आणि हूडभोवती शिरणारा वारा कळतो. त्याच उन्नत मार्गाखालील वर्दळीच्या रस्त्यावर क्लच, ब्रेक, इंजिनाचे तापमान आणि खड्ड्यांतील खडखडाट यांची परीक्षा होते. पहिला रस्ता गाडी आवडण्यासाठी असेल, तर दुसरा ती पारखण्यासाठी आहे.

निर्मिती थांबलेल्या गाडीत उत्पादकच पाठीशी नसतो. म्हणजे सुट्या भागांचा सारा भार मालकावर येतो. म्हणून सौद्याआधी पुढची काच, दिवे, हूडची रबरी पट्टी, क्लच प्लेट आणि ब्रेकचे भाग या पाच गोष्टी कोठे, किती दिवसांत आणि कितीला मिळतील, याची प्रत्यक्ष चौकशी करावी. क्लच व ब्रेकचे भाग अनेकदा पर्यायी मिळू शकतात. काच मात्र त्या गाडीचीच लागते. पाचांपैकी दोन गोष्टींचे उत्तर मिळाले नाही, तर ती गाडी रोजच्या वापरासाठी नाही, हे मान्य करावे.

विमा : फायबरच्या गाडीचा हिशेब

मोटार विम्यात बदललेल्या भागांवर घसारा वजा होतो, हे अनेकांना दावा करतानाच कळते. प्रचलित पद्धतीनुसार रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर, टायर व बॅटरीवर ५० टक्के, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा धरला जातो. काचेवर घसारा नसतो. जिचे बाह्यांगच फायबरग्लासचे आहे, त्या गाडीला धडक बसली तर खर्चाचा मोठा वाटा खिशातून जाईल, हे उघड आहे. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी व विमेदार यांच्या संमतीने ठरते. ते कमी धरले, तर हप्ता वाचतो. पण गाडी चोरीस गेल्यास भरपाईही तेवढीच कमी मिळते.

विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो व्यक्तीचा असतो. कलम १५७ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

पैशाचा व्यवहार

वापरलेल्या गाडीसाठी कर्ज देताना बहुतेक बँका गाडीच्या वयाची मर्यादा पाहतात. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला वाहनकर्ज मिळणे कठीण असते. मग ग्राहक वैयक्तिक कर्जाकडे वळतो आणि तेथे व्याजदर सहसा चढा असतो. उदाहरणादाखल, ३ लाख रुपयांचे कर्ज ३६ महिन्यांसाठी १२ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ९,९६४ रुपये व एकूण व्याज सुमारे ५८,७०० रुपये होते. दर १५ टक्के झाल्यास हप्ता सुमारे १०,४०० रुपये व व्याज सुमारे ७४,४०० रुपये होते. हप्त्यातील फरक किरकोळ वाटतो. एकूण फरक मात्र १५,००० रुपयांहून अधिक आहे. एवढ्या रकमेत कदाचित नवे टायर येतील.

गाडीवर पूर्वीच्या बँकेचा नजरगहाण बोजा असेल, तर पैसे विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरावेत. बँकेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ हाती पडल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. आयकर कायद्यानुसार १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. म्हणून धनादेश वा बँक हस्तांतरण हाच मार्ग योग्य. त्यातून पुरावाही आपोआप तयार होतो.

व्यापाऱ्याकडून गाडी घेत असल्यास त्याचे परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांना असे प्राधिकारपत्र आवश्यक झाले आहे. २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यास जुन्या गाडीच्या विक्रीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो पूर्ण किमतीवर नसून केवळ त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो, हे ध्यानी घ्यावे. दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीस हा कर लागत नाही.

नावावर करणे : शेवटची नव्हे, मुख्य पायरी

गाडी घरी आली, की अनेकांना व्यवहार पूर्ण झाल्यासारखे वाटते. कायद्याच्या दृष्टीने तो तेव्हा अपुराच असतो. नमुना २९ व नमुना ३० भरून मालकी हस्तांतराची नोंद करावी लागते. कलम ५० नुसार विक्रेत्याने त्याच राज्यातील गाडीबाबत १४ दिवसांत कळवावे, राज्याबाहेर नोंदविलेल्या गाडीबाबत ४५ दिवसांत ना हरकत प्रमाणपत्र सादर करावे आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंद करून घ्यावी.

ही केवळ औपचारिकता नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला. त्यातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. २००९ मध्ये त्या मोटारीमुळे अपघात होऊन एका बालकाचा मृत्यू झाला. गाडी विकून जवळपास दोन वर्षे झालेली असतानाही, नोंदीवर नाव असलेला तोच मालक भरपाईस जबाबदार ठरला. अपघातग्रस्त कुटुंबाने मालकांच्या साखळीमागे धावत राहावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही, असा या निकालाचा आशय आहे. आजचा खरेदीदार हा उद्याचा विक्रेता असतो. म्हणून दोन्ही वेळी ही नोंद आपल्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या केलेली पावती ठेवावी.

एकंदरीत, तपासणीचा क्रम असा असावा : आधी कागद, मग सांगाडा, मग छत, मग यंत्र, आणि या चारही गोष्टी पटल्यावरच किंमत. किमतीत हस्तांतर, कर, विमा आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती मिळवून जी बेरीज येते, ती खरी किंमत होय. ही बेरीज घराच्या हप्त्याला आणि अडीअडचणीच्या शिलकीला धक्का न लावता पेलत असेल, तर हौस अवश्य पुरवावी. पेलत नसेल, तर वर्षभर आवर्ती ठेव चालवून थांबावे. चांगली जुनी गाडी शोधण्यास तसेही काही महिने लागतात, आणि त्या काळात जमलेली रक्कम सौद्याच्या वेळी ग्राहकाला ‘नको’ म्हणण्याचे बळ देते.